ब्रह्मपुरीच्या टेकडीलाच संग्रहालय करा

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक ब्राँझची मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही, पण घडण अशी सफाईदार, की भूमध्य समुद्राकाठच्या, बहुधा अलेक्झांड्रियाच्या, एखाद्या कुशल कारागिराचे हे काम असावे असे अभ्यासक मानतात. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. समुद्राचा हा देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न ती पाहणाऱ्याला पडतोच. त्याच्या उत्तराचा मोठा भाग मात्र टाउन हॉलमध्ये नाही. तो ब्रह्मपुरीच्या टेकडीत, मूर्ती जिथे सापडली त्या मातीत आहे. वस्तू जपल्या, पण त्यांची जागा लोकांच्या डोळ्यांआड गेली, ही कोल्हापूरच्या प्राचीन वारशातली मोठी उणीव आहे. ती भरून काढण्याचा मार्ग म्हणजे ब्रह्मपुरीवरच एक खुले पुरातत्त्वीय संग्रहालय उभारणे.

पंचगंगेच्या काठचा हा उंचवटा शतकानुशतकांच्या वस्तीचे थर एकावर एक साचलेले पांढरीचे टेकाड आहे. १८७७ साली कोल्हापुरात शिशाच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यांवर धनुष्यबाणाचे चिन्ह आणि विळिवायकुर, शिवलकुर अशी राजांची नावे होती. पुढे प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या प्रयत्नांतून ब्रह्मपुरीत धातूच्या वस्तूंचा प्रसिद्ध संचय हाती आला. त्यात पोसायडन होता, परदेशी बनावटीची इतर काही ब्राँझची कामे होती आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांचे अस्सल इथले शिल्पही होते. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि टेकडीचा क्रम उलगडला : तळाशी सातवाहनकाळातली भाजक्या विटांची घरे, त्यावर शिलाहार आणि बहमनी काळातल्या वस्त्या. कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय १९४६ साली सुरू झाले ते याच शोधांमुळे. १९४९ मध्ये ते टाउन हॉलच्या इमारतीत गेले आणि वस्तू व टेकडी यांची ताटातूट झाली.

या ताटातुटीने नुकसान झाले ते अर्थाचे. काचेआड एकटा उभा असलेला पोसायडन पाहणाऱ्याला वाटते, एखादा परदेशी व्यापारी तो इथे विसरून गेला असेल. तोच पोसायडन पक्क्या विटांच्या घरांशेजारी, शिशाच्या नाण्यांशेजारी आणि देशी धातुकामाशेजारी ठेवून पाहिला, की वेगळे चित्र दिसते. इथे स्वतःचे नाणे असलेली सत्ता होती, सुस्थितीतली नागर वस्ती होती आणि दूरदेशची कलाकृती विकत घेऊन जपण्याची ऐपत व आवड असलेली माणसे होती. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी हिप्पोकुरा नावाचे नगर ही बलेओकुरोस राजाची राजधानी असल्याचे सांगतो. हा राजा म्हणजे नाण्यांवरचा विळिवायकुर असावा, असे मत डॉ. रा. गो. भांडारकर यांनी मांडले होते. ते नगर नेमके कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण या भागातल्या राजाचे नाव अलेक्झांड्रियापर्यंत पोहोचले असावे, ही शक्यताच सामान्य कोल्हापूरकराला सांगण्याजोगी आहे आणि ती सांगायची योग्य जागा ब्रह्मपुरी आहे.

जागेवरचे संग्रहालय काय साधते, हे स्पेनच्या कातालोनिया किनाऱ्यावरच्या एम्पुरिएस येथे दिसते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात फोकाइया नगराच्या ग्रीकांनी तिथे व्यापारी वसाहत वसवली. पुढे तिच्या शेजारी रोमन शहर उभे राहिले. १९०८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन होत आले आहे. आज लोक त्याच रस्त्यांवरून, चौकातून आणि घरांच्या जोत्यांमधून चालत इतिहास समजून घेतात. १९०९ मध्ये तिथे सापडलेली अस्क्लेपियस या आरोग्यदेवाची भव्य मूर्ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात गेली आणि जागेवर प्रतिकृती उभी राहिली. शतकभराने मूळ मूर्ती परत एम्पुरिएसला आणण्यात आली. आणखी एक गोष्ट महत्त्वाची : रोमन शहराचा मोठा भाग तिथे अजून उकरलेलाच नाही. सगळे खणून काढल्याशिवाय संग्रहालय होत नाही, हा समज त्यामुळे दूर व्हावा.

पहिला आक्षेप असा, की एम्पुरिएस ही ग्रीक वसाहत होती, ब्रह्मपुरी नव्हती. हे खरे आहे आणि ते संग्रहालयात ठळकपणे सांगितलेच पाहिजे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख आहेत; तसा यवनांच्या वास्तव्याचा लेखी पुरावा ब्रह्मपुरीत नाही. एका मूर्तीवरून कोणी वसाहत ठरवू नये. पण यामुळे ब्रह्मपुरीचे महत्त्व कमी होत नाही. परक्यांनी येऊन वसवलेल्या गावात परक्या वस्तू मिळाव्यात यात नवल नाही. इथल्या माणसांनी आपल्या गावात राहून त्या मिळवल्या, ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. कोल्हापूरच्या पावसात उघड्या विटा टिकणार नाहीत, २०१९ आणि २०२१ सारखे महापूर पंचगंगेला येतात आणि टेकडीच्या परिसरात आज माणसे राहतात. तिन्ही मुद्दे योग्य आहेत, म्हणूनच योजना सावध हवी. जुने अवशेष मातीखालीच सुरक्षित ठेवावेत आणि वर जमिनीवर घरांचा आराखडा दगडी रेषांनी दाखवावा. एखादाच छोटा चर छपराखाली, काचेआड उघडा ठेवून थरांचा छेद दाखवावा. तमिळनाडूत आदिचनल्लूर येथे २०२३ साली उत्खननाचे खड्डे काचेखाली तसेच ठेवून जागेवरचे संग्रहालय झाले आहे. मूळ पोसायडन टाउन हॉलमध्येच सुरक्षित राहावा, टेकडीवर त्याची उत्तम प्रतिकृती पुरेशी आहे. आणि कोणाचेही घर यासाठी हलवण्याची गरज नाही. मोकळ्या जागांपुरतेच हे काम करावे आणि तिथल्या रहिवाशांना त्याचे राखणदार व मार्गदर्शक होण्याची पहिली संधी द्यावी.

कोल्हापुरात रोज हजारो लोक अंबाबाईच्या दर्शनाला येतात. त्यांतले अनेक जण पंचगंगेच्या घाटावर जातात आणि ब्रह्मपुरीच्या जवळून परततात. त्या टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीचे शहर आहे, हे सांगणारी व्यवस्था तिथे हवी. पुरातत्त्व विभाग, महानगरपालिका आणि शिवाजी विद्यापीठ यांनी एकत्र बसून आधी टेकडीचा नकाशा करावा, मोकळी जागा आखून तिच्यावर नवे बांधकाम होऊ देऊ नये आणि पहिला माहितीफलक लावावा. संग्रहालयाची इमारत नंतरही बांधता येईल. एकदा पाया खणताना उद्ध्वस्त झालेला थर मात्र कोणालाही पुन्हा रचता येणार नाही. म्हणून हे काम आताच हाती घेतले पाहिजे, आणि कोल्हापूरकरांनी त्याची मागणी जोराने केली पाहिजे.