उसनं पुस्तक आणि ऑफिसातला दोस्त

तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस घरी गेल्यावर काय वाचतो, माहीत आहे तुम्हाला? त्याची शिफ्ट, त्याचा बिनसाखरेचा चहा, त्याच्या गाडीचा हप्ता, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पुस्तकाचं मात्र आपण विचारतच नाही.

माझी ताई पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. 'होती' म्हणते, कारण कंपनीत कपात झाली आणि सकाळच्या एका मीटिंगनंतर तिचा लॅपटॉप बंद झाला. टीममध्ये १२ जण. रोज एकत्र डबा, वाढदिवसाचा केक, पावसाळ्यात लोणावळा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे मेसेज आले. महिन्याभरात सामसूम. माणसं वाईट नव्हती हो. पण त्यांच्या गप्पा सगळ्या प्रोजेक्टच्या, आणि प्रोजेक्ट आता तिचा राहिला नव्हता.

एकाचा फोन मात्र येत राहिला. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

त्याआधी पुण्यातलीच एक जुनी गोष्ट. सत्तरच्या दशकात सुधा कुलकर्णी टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. तिथले प्रसन्न नावाचे एक सहकारी त्यांना वाचायला पुस्तकं देत. बहुतेक पुस्तकांवर नाव एकच, नारायण मूर्ती. सोबत कुठे पेशावर, कुठे इस्तंबूल असं शहराचं नाव. हा काय आंतरराष्ट्रीय बसचा कंडक्टर आहे की काय, असं तेव्हा वाटल्याचं सुधा मूर्तींनी पुढे टीव्हीवर हसत हसत सांगितलं. प्रत्यक्षात भेटला तो चष्मा लावणारा, लाजरा तरुण. १९७८ मध्ये लग्न, १९८१ मध्ये इन्फोसिस, सुधाताईंनी दिलेले १० हजार रुपये, हे तुम्ही ऐकलेलंच असेल. मला मात्र या गोष्टीत ते प्रसन्नच जास्त आवडतात. एकाची पुस्तकं दुसऱ्याकडे पोचवणारा मित्र! (उसनं दिलेलं प्रत्येक पुस्तक लग्नापर्यंत जातं असं नाही, तेव्हा घाबरू नका.)

कॉम्प्युटरवाल्यांचं वाचन फक्त कोडपुरतं असतं, हा गैरसमजच. डग्लस अॅडम्सच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' या विनोदी कादंबरीत विश्वाच्या महाप्रश्नाचं उत्तर म्हणून ४२ हा आकडा येतो. तेव्हापासून जगभरचे प्रोग्रामर कोडमध्ये 'कुठलाही एक आकडा' टाकायचा झाला की ४२ टाकतात. वाचलेल्याला लगेच खूण पटते आणि दोघे अनोळखी हसतात. आपल्याकडे कोणी जरा पुस्तकी बोलला की 'आला सखाराम गटणे' म्हणतात ना, तसंच. पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' वाचलेला कोण, हे त्या हसण्यावरून कळतं. आणि अच्युत गोडबोल्यांनी तर आयआयटीत शिकून, सॉफ्टवेअर कंपन्यांत वरिष्ठ पदांवर काम करून, मराठीत एकामागून एक पुस्तकं लिहिली.

तरी एक खटकतं. ऑफिसच्या टेबलावर सवयी सुधारणारं इंग्रजी पुस्तक ऐटीत उभं असतं, आणि मराठी कादंबरी बॅगेत, टिफिनच्या खाली. कोणी हसेल म्हणून? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कानात ऑडिओबुक लावणारेही खूप आहेत. छान सोय आहे, मीही ऐकते. पण ऐकलेलं पुस्तक कोणाला उसनं देता येत नाही, आणि त्याच्या पहिल्या पानावर कोणाचं नावही नसतं.

तर ते फोन करणारे. ताईच्या टीममधले टेस्टर, चाळिशीचे, सांगोल्याकडचे. बाकी सगळे त्यांना नावानेच हाक मारत, ताई 'दादा' म्हणायची. दोन वर्षं दोघांचं बोलणं एवढंच, 'हा बग परत आला', 'नाही, तुमच्याच मशीनवर येतोय'. एकदा दादांच्या बॅगेतून पाण्याची बाटली काढताना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' खाली पडली. ते ओशाळले. ताई म्हणाली, ''मला द्याल वाचायला?'' त्यानंतर बग राहिला बाजूला, जेवणात माणदेश, दुष्काळ, मेंढरं, दादांचे आजोबा. आमच्या सदाशिव पेठी ताईला धनगराच्या काठीबद्दल बोलताना ऐकून आई चाटच पडली होती.

कपातीच्या दिवशी ते पुस्तक ताईच्या घरी होतं. आठवड्याने दादांचा फोन आला. नोकरीचं काय, असं त्यांनी विचारलंच नाही. तेवढ्यावरच ताई रडली. ते म्हणाले, ''ताई, बनगरवाडी तुमच्याकडंच हाय न्हवं? न्यायला येऊ का रविवारी?''

आले. वहिनींना आणि मुलालाही घेऊन आले. थालीपीठ खाल्लं, आईशी पावसावर बोलले, ताईला दोन ठिकाणचे पत्ते दिले. त्यातल्या एका ठिकाणी ती आता कामाला आहे.

पुस्तक न्यायचं मात्र विसरले. पुढच्या रविवारीही विसरले. आता ते आमच्या फ्रिजवर असतं, आणि आई त्यावर दुधाचा हिशोब ठेवू देत नाही.