मित्राचं सुतक

भाऊबंदांत कुणी गेलं की सुतक येतं. गेलेल्याचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी येतं. मित्राचं मात्र येत नाही. एका खोलीत राहिलेला, एका ताटात जेवलेला माणूस जातो आणि मित्राने दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. ‘से हॅलो टू हेवन’ या गाण्याचा नाद मला गेली कित्येक वर्षं आहे, तो यामुळेच.

अँड्र्यू वुड आणि ख्रिस कॉर्नेल सिॲटलमध्ये एका घरात राहत. दोघेही गायक, वुड ‘मदर लव्ह बोन’चा, कॉर्नेल ‘साउंडगार्डन’चा. मार्च १९९० मध्ये, ‘ॲपल’ हा अल्बम बाजारात यायच्या तोंडावर, वुड हेरॉइनच्या अतिसेवनाने बेशुद्ध सापडला आणि १९ तारखेला इस्पितळात वारला. वय २४. कॉर्नेलला लगोलग साउंडगार्डनबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघावं लागलं. त्या दौऱ्यातच त्याने मित्रासाठी दोन गाणी लिहिली. त्यातलं एक हे.

मी वर्सोव्यात राहतो, म्हणून ही एका घरात राहण्याची गोष्ट मला जास्त लागते. यारी रोड, सात बंगला, आरामनगर हा सगळा भाग रूममेटांचा. ऑडिशनसाठी गाव सोडून आलेली पोरं तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतात. आमच्याच मजल्यावरचा असा एक मुलगा बाइकच्या अपघातात गेला. वडील आले, त्याची बॅग भरून घेऊन गेले. फ्रिजवर दुधाच्या हिशेबाचा कागद चिकटवलेला होता, प्रत्येकाच्या नावाचा रकाना आखलेला. त्याच्या रकान्यातल्या खुणा महिन्याच्या मध्येच थांबलेल्या. समाचाराला माणसं गावी वडिलांकडे गेली असतील. उरलेल्या दोघांकडे कुणी फिरकलं नाही. मी त्यांना हे गाणं ऐकवलं. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. संपल्यावर एक जण म्हणाला, “काका, परत लावा.”

गाणं सहा मिनिटांहून जास्त चालतं. सुरुवातीला गिटार हळुवार, कॉर्नेलचा आवाज खालच्या पट्टीत, जवळ बसून बोलल्यासारखा. पुढे तो चढत जातो आणि शेवटी इतका वर पोहोचतो की गाणं आणि हाका मारणं यांत फरक उरत नाही. कॉर्नेलच्या गळ्याची ताकद जगाने पुढे पुष्कळ पाहिली. माझ्या मते तो इतका उघडा पुन्हा कधी गायला नाही.

सोबत कोण घ्यायचं, हेही त्याने नेमकं ओळखलं. वुडच्या जाण्याने ज्यांचा बँडच मोडला त्या स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंटकडे तो ही गाणी घेऊन गेला. ड्रमवर साउंडगार्डनचा मॅट कॅमरॉन, गिटारवर माइक मक्रेडी. वुडचीच गाणी नव्याने करावीत असाही विचार निघाला होता, पण मित्राच्या मरणाचं भांडवल केल्यासारखं दिसेल म्हणून सोडून दिला. एका सिंगलपुरता बेत वाढत अल्बम झाला. नाव ‘टेंपल ऑफ द डॉग’, तेही वुडच्याच एका गाण्यातून उचललेलं.

रेकॉर्डिंग १९९० च्या अखेरीस ‘लंडन ब्रिज’ स्टुडिओत झालं. तो रिक आणि राज पाराशर या भावांनी उभारलेला. या अल्बमवर आणि गोसार्ड, अमेंट, मक्रेडी यांच्या पुढच्या बँडच्या, म्हणजे पर्ल जॅमच्या ‘टेन’वर रिक पाराशरचं नाव निर्मात्यांत आहे, आणि तो कीबोर्डही वाजवतो. भारतीय वंशाचा हा माणूस २०१४ साली वयाच्या पन्नाशीत गेला. आपल्याकडे त्याच्याविषयी ओळभरही लिहिलं जात नाही, याची मला खंत आहे.

   

मराठी माणसाला मित्राचा विलाप परका नाही. विलापिका म्हटलं की आपल्याला गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ आठवते, पण तो आईचा शोक. १२९६ साली, परंपरेप्रमाणे एकविसाव्या वर्षी, ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग आहेत नामदेवांच्या नावावर. बरोबर तीर्थयात्रा केलेला सोबती डोळ्यांदेखत जातो आहे आणि नामदेव ते सगळं टिपून ठेवताहेत: कोण कुठे उभं होतं, कोण रडलं, निवृत्तीनाथांचं काय झालं. नातं रक्ताचं नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला शब्दच आले. सिॲटलच्या या गाण्याशेजारी मी ते अभंग ठेवतो, बिनदिक्कत.

‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम एप्रिल १९९१ मध्ये आला तेव्हा फारसा खपला नाही. पुढच्या वर्षी पर्ल जॅम आणि साउंडगार्डनचा बोलबाला झाल्यावर लोकांचं लक्ष गेलं आणि तो दहा लाखांवर पोहोचला. २०१६ मध्ये या अल्बमवरची मंडळी पहिल्यांदाच एकत्र दौऱ्यावर निघाली. १८ मे २०१७ रोजी डेट्रॉइटमधल्या कार्यक्रमानंतर कॉर्नेलही गेला.

ऐकायचं तर अल्बमचा क्रम मोडू नका. हे गाणं पहिलं आहे. त्यापाठोपाठ ‘रीच डाउन’ लागू द्या, दौऱ्यात लिहिलेलं दुसरं. ते अकरा मिनिटांचं आहे. त्यातल्या लांबलचक सोलोत माइक मक्रेडीचे हेडफोन डोक्यावरून उडाले. बाकीच्यांचं वाजवणं ऐकू येईना, तरी तो थांबला नाही, आणि अल्बमवर तीच टेक आहे.