एका विहिरीवर अठरा मोटारी

लेखाची सुरुवात स्वतःच्या फजितीनेच करतो.

मांजरसुंबा हे माझं गाव. धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणारा माणूस इथे चहाला थांबतोच, कारण पाटोद्याकडचा आणि नेकनूर-केजकडचा रस्ता इथेच फुटतो. जवळच कपिलधार, मन्मथस्वामींचं समाधिस्थान. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला लांबलांबून दिंड्या चालत येतात. सेकंड इयरला असताना यात्रेकरूंसाठी मी वेबसाइट केली. रस्ते, गाड्या, मुक्कामाच्या जागा, सगळं त्यात टाकलं. वर्डप्रेस बसवलं, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं. वर्षभर तिकडे कुत्रं फिरकलं नाही. आणि पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पडद्यावर झळकलं : '508, रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. तेवढ्यात दिंडीत चालणाऱ्या मामांचा फोन. "काय रे, तुझं ते पान उघडंना! कुठून वळायचं ते तरी सांग."

शेअर्ड होस्टिंग म्हणजे आपल्याकडची सामाईक विहीर. पाणी एक, मोटारी अठराजणांच्या. एकानेच उपसा केला तर बाकीचे कोरडे, म्हणून कंपनी प्रत्येकाला मर्यादा घालते : एवढा सीपीयू, एवढी मेमरी आणि एका वेळी एवढ्याच पीएचपी प्रोसेस. ही शेवटची मर्यादा संपली की जास्तीच्या माणसाला 508 दिसतो. यात कंपनीचा दोष नाही. आपलीच मोटार जास्त ओढते.

मी घाईघाईत काय केलं? सगळे फोटो लहान केले! फरक शून्य. कारण फोटो ही तयार फाइल, अपाची ती उचलून सरळ देतो, पीएचपी जागं होतच नाही. फोटो लहान केल्याने पान लवकर उतरतं, डेटा वाचतो, ते करावंच. पण माझं दुखणं वेगळं होतं. वर्डप्रेसचं पान मात्र तयार नसतं. कुणी मागितलं की पीएचपी सुरू होतं, एकेक प्लगइन गोळा करतं, मायएसक्यूएलला पन्नास गोष्टी विचारतं आणि मग एचटीएमएल बनवतं. पुढचा माणूस तेच पान मागतो, पुन्हा सगळा स्वयंपाक पहिल्यापासून.

आता आमच्या चौकातला हॉटेलवाला बघा. एसटीतून चाळीस माणसं उतरली तर तो चाळीस वेळा आधण ठेवतो का? एक पातेलं उकळतो आणि कप भरत जातो. पेज कॅशे म्हणजे हेच पातेलं. पहिल्या मागणीला पान बनतं, त्याची एचटीएमएल फाइल डिस्कवर राहते, पुढच्यांना तीच मिळते. चांगलं कॅशे प्लगइन ती फाइल अपाचीकडूनच देववतं, म्हणजे पीएचपीला हातच लागत नाही. त्या रात्री मी एवढं एकच केलं असतं तरी भागलं असतं.

पण खरी गंमत ॲक्सेस लॉग उघडल्यावर कळली. (हा लॉग कंट्रोल पॅनलमध्ये असतो, आपण कधी बघत नाही!) निम्म्याहून जास्त ओळी यात्रेकरूंच्या नव्हत्याच. कुठले तरी बॉट लॉगिनच्या पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या फाइलवर पासवर्ड आजमावत बसले होते. ही फाइल 2012 मधल्या 3.5 आवृत्तीपासून मुळातच चालू असते. तिला प्लगइनने अडवू नका, कारण नकार द्यायलासुद्धा वर्डप्रेस उठतं. एचटीॲक्सेस फाइलमध्ये अडवा, म्हणजे बॉट दारातूनच परत. फक्त जेटपॅक वापरत असाल तर आधी तपासा, त्याला ती लागते.

आणखी दोन गळत्या. वर्डप्रेसचं वेळापत्रक, म्हणजे डब्ल्यूपी-क्रॉन, घड्याळावर चालत नाही. पीएचपी जागं झालं की प्रत्येक वेळी 'काही काम आहे का' असं बघतं. ते कॉन्फिग फाइलमधून बंद करून होस्टिंगचा क्रॉन दर पंधरा मिनिटांनी लावला. दुसरी गळती मी स्वतः. ॲडमिनचे चार टॅब दिवसभर उघडे, आणि प्रत्येक टॅब अधूनमधून सर्व्हरची नाडी तपासतो. ह्याला हार्टबीट म्हणतात. टॅब बंद केले, न लागणारी प्लगइन्स काढली.

पुढच्या यात्रेला 508 एकदाही आला नाही. पण दुपारी एक रस्ता वाहनांना बंद झाला, मी लगेच मजकूर बदलला, आणि अर्ध्या तासाने मामांचा फोन. पान उघडत होतं, पण सकाळचंच! रस्त्यांचं पान कॅशेने चोवीस तासांसाठी धरून ठेवलं होतं, आणि मी ते साफ करायला विसरलो होतो. पातेल्यातला चहा शिळा झाला होता. आता त्या एका पानाची मुदत मी पाच मिनिटांवर ठेवली आहे. देवस्थानाच्या इतिहासाच्या पानाची मात्र महिनाभर, ते काही दुपारी बदलत नाही.