मेसर, आंतरतारकीय

मेसर, आंतरतारकीय : ताऱ्यांमधील अवकाशातील विशिष्ट रेणूंकडून नैसर्गिक रीत्या होणारे व उद्दीपित उत्सर्जनामुळे विवर्धित झालेले रेडिओ प्रारण. अधिक द्रव्यमानाचे तारे दाट धूलीच्या आड जन्म घेतात. दृश्य प्रकाश ही धूली भेदू शकत नाही, रेडिओ तरंग मात्र तिच्यातून आरपार येतात. त्यामुळे ताऱ्यांच्या जन्माचे आद्य टप्पे अभ्यासण्यासाठी रेणू व मेसर ही प्रमुख साधने ठरली आहेत.

रेणूंचा शोध : १९६३ मध्ये शर्मिष्ठेतील एका रेडिओ उद्गमाच्या वर्णपटात हायड्रॉक्सिल मूलकाच्या १,६६५ व १,६६७ मेगॅहर्ट्झ कंप्रतांच्या शोषण रेषा आढळल्या. त्यानंतर अमोनिया (१९६८), पाणी व फॉर्माल्डिहाइड (१९६९) आणि कार्बन मोनॉक्साइड (१९७०) यांचे शोध लागले. आजवर तीनशेहून अधिक रेणू ज्ञात झाले आहेत. मेघांत सर्वाधिक असणाऱ्या हायड्रोजन रेणूस स्थायी विद्युत् द्विध्रुव नसल्याने थंड मेघातून (सु. १० ते २० केल्व्हिन) त्याचे उत्सर्जन जवळजवळ होत नाही. म्हणून मेघाची व्याप्ती कार्बन मोनॉक्साइडावरून आणि तापमान अमोनियावरून काढतात.

मेसराचा उलगडा : १९६५ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड वीव्हर व त्यांचे सहकारी यांना मृग तेजोमेघ व अन्य काही प्रदेशांतून हायड्रॉक्सिलाच्या कंप्रतेजवळ तीव्र उत्सर्जन मिळाले. ऊष्मीय समतोलात १,६६७ व १,६६५ मेगॅहर्ट्झ रेषांच्या तीव्रतांचे गुणोत्तर ९ : ५ असावयास हवे, प्रत्यक्षात १,६६५ मेगॅहर्ट्झची रेषाच प्रबळ होती. हे उत्सर्जन एखाद्या अज्ञात पदार्थाचे असावे, अशा कल्पनेने त्याला ‘मिस्टीरियम’ असे नाव पडले. पुढे दूरदूरच्या दूरदर्शकांनी एकाच वेळी केलेल्या मापनांवरून हे उद्गम अत्यंत लहान असल्याचे कळले. इतक्या लहान उद्गमापासून एवढी ऊर्जा मिळण्यासाठी लागणारे तापमान कित्येक अब्ज केल्व्हिनांहून अधिक येते. त्या तापमानास रेणू टिकणेच शक्य नाही. शिवाय रेषा अतिशय अरुंद होत्या. अर्थात हे उत्सर्जन ऊष्मीय नव्हते, तर प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिद्ध झालेल्या मेसराचाच [→ मेसर] तो निसर्गातील आविष्कार होता.

क्रिया : सामान्यतः रेणूंच्या खालच्या ऊर्जा पातळीत वरच्या पातळीपेक्षा अधिक रेणू असतात व वायू प्रारण शोषतो. नवजात ताऱ्याचे अवरक्त प्रारण किंवा वायूतील आघात यांमुळे वरच्या पातळीतील संख्या वाढली, तर पुढे जाणारा तरंग दर टप्प्यास नवे उत्सर्जन घडवीत प्रबळ होत जातो. प्रयोगशाळेतील उपकरणात त्यासाठी अनुस्पंदन कोटर लागते. अवकाशात मात्र त्याऐवजी मार्गाची प्रचंड लांबी उपयोगी पडते. परंतु या मार्गावरील वायूचा दृष्टिरेषेतील वेग जवळजवळ समान असावा लागतो. अन्यथा कंप्रता सरकून विवर्धन थांबते. पाण्याचा मेसर (२२.२ गिगॅहर्ट्झ) मुख्यतः ताऱ्यापासून वेगाने निघणारे झोत सभोवतालच्या वायूवर आदळतात तेथे आढळतो. मिथेनॉलाचे दोन वर्ग करतात : पहिला रेणूंच्या टकरींमुळे व दुसरा अवरक्त प्रारणामुळे उद्भवतो. दुसऱ्या वर्गातील ६.७ गिगॅहर्ट्झ रेषा कार्ल मेंटन यांनी १९९१ मध्ये शोधली. ती अधिक द्रव्यमानाच्या नवजात ताऱ्यांजवळच आढळत असल्याने त्यांचा मागोवा घेण्यास विशेष उपयोगी पडते.

उपयोग : हायड्रॉक्सिल रेषांच्या विभाजनावरून मेघातील चुंबकीय क्षेत्र मोजता येते. अंतरमापनात तर मेसरांनी एक जुना वाद मिटविला. आकाशगंगेच्या ययाती भुजेतील डब्ल्यू ३ या प्रदेशाचे अंतर वायूच्या वेगावरून चार हजार पार्सेकांहून अधिक, तर ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून त्याच्या निम्मे येत असे. २००६ मध्ये मिथेनॉल मेसरांच्या पराशयावरून ते सु. १,९५० पार्सेक (सु. ६,४०० प्रकाशवर्षे) ठरले. तेथील वायू आकाशगंगेच्या केंद्राभोवती वर्तुळाकार गतीने फिरत नसल्याने वेगावरून केलेला अंदाज चुकला होता. मात्र मेसराची तीव्रता मार्गाच्या लांबीनुसार अतिशय झपाट्याने बदलते. त्यामुळे केवळ तीवरून रेणूंचे प्रमाण ठरविता येत नाही.

महाराष्ट्रातील निरीक्षणे : मृग तेजोमेघ (क्रांती सु. −५°) व आकाशगंगेच्या केंद्राजवळील धनू बी २ हा मेघ (क्रांती सु. −२८°) महाराष्ट्रातून निरीक्षणास सोयीचे आहेत. सु. २१° उत्तर अक्षांशावरील नशिराबाद (जि. जळगाव) येथे याम्योत्तरावर त्यांचे उन्नतांश अनुक्रमे सु. ६४° व ४१° असतात; पश्चिम यूरोपात ५०° अक्षांशावर धनू बी २ जेमतेम १२° वर येतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचा महाकाय मीटर तरंग रेडिओ दूरदर्शक आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली तो उभारला गेला. त्याची कंप्रता मर्यादा १,४५० मेगॅहर्ट्झच्या आसपास असल्याने वर उल्लेखिलेल्या मेसर रेषा त्याच्या टप्प्यात येत नाहीत. परंतु काही जटिल रेणूंच्या कमी कंप्रतेच्या रेषा येतात. जयराम चेंगलूर व निसीम काणेकर यांनी त्याद्वारे ॲसिटाल्डिहाइडाच्या १,०६५ मेगॅहर्ट्झ रेषेचा वेध घेऊन २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धनू बी २ मध्ये हा रेणू ताऱ्यांच्या जन्मस्थानांजवळील लहान, उष्ण गाभ्यांपुरता मर्यादित नसून विस्तृत प्रदेशात पसरलेला आहे, असे त्यांना आढळले. त्यामुळे जटिल कार्बनी रेणूंच्या निर्मितीचा विचार केवळ या गाभ्यांपुरता करून भागत नाही, हे स्पष्ट झाले.