थंडी कमी झाली, पण हिशेब पुरा करा

भिसेगाव-कर्जत भागात पारावर बसलं की एक बोलणं ऐकू येतं, 'हवामान बदलतंय तर बदलू दे, आपला फायदाच आहे!' हे अगदीच खोटं नाही. म्हणून जमाखर्च नीट मांडू या.

आधी जमा. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारं पाणी राजनाल्याला मिळतं आणि त्यावर आपलं उन्हाळी भात होतं. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात त्याची रोपं आखडतात. थंडी सौम्य असली की रोप लवकर उठतं. दुसरं, हवेतला कर्बवायू. कारखानदारीपूर्वी तो दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. त्याने भाताची वाढ जोमाने होते. तिसरं, ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला तर मागाहून पेरलेल्या वालाला ओल मिळते.

आता खर्च पाहा. तोच ऑक्टोबरचा पाऊस कापून ठेवलेल्या भातावर पडतो. दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो. भात फुलोऱ्यात असताना पारा ३५ अंशांवर गेला तर दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. उन्हाळी भाताला हा धोका जास्त. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या नोंदींवरून २००४ साली दिसून आलं, की रात्रीचं तापमान एक अंशाने वाढलं तर उन्हाळी हंगामाचं उत्पन्न सुमारे १० टक्के घटतं. कर्बवायूवर पोसलेल्या तांदळात प्रथिनं आणि जस्तही कमी भरतं. आणि थंडी नाही तर आंब्याचा मोहोर नीट येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

शिवाराबाहेरचा खर्च याहून मोठा. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस येतो तो कोसळतोच. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मुसळधार पावसाच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर आपण विसरलेलो नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. एकट्या दरडीचं खापर हवामानावर फोडता येणार नाही; पण असा पाऊस वाढला तर डोंगराखालच्या वाड्यांचा धोका वाढणार. तिकडे समुद्र चढतोय, अलिबाग-पेणच्या खारबंदिस्तीवर ताण येतोय.

म्हणजे जमा आहे ती पायलीची, खर्च खंडीचा. मग करायचं काय? सगळं भात एकाच मुदतीचं लावू नका. थोडं हळवं, थोडं निमगरवं ठेवा, म्हणजे एका पावसात सगळं जाणार नाही. वाणाची निवड कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारून करा. कापणीआधी हवामान खात्याचा अंदाज बघा, ताडपत्री घरात असू द्या.

सरपंच-तलाठ्यांनीही लक्ष घालावं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण तो मोजला जातो मंडळाच्या केंद्रावर. पाऊस डोंगराकडे जास्त पडतो. तेव्हा ग्रामपंचायतीत साधं पर्जन्यमापक ठेवा, रोजची नोंद वहीत करा. डोंगराला भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर पंचनाम्याची वाट न बघता माणसं हलवा.