गावातलं दगडी घर घेण्याआधी

आम्ही येरवड्याहून बोलतोय. आमच्या वस्त्यांमधली कितीतरी कुटुंबं गाव सोडून पुण्यात आलेली. कुणी १९७२ च्या दुष्काळात आलं, कुणी नंतर बांधकामाच्या कामावर. आता बचत गटातून, भिशीतून चार पैसे साठले की अनेकींना वाटतं, म्हातारपणी गावाकडं आपलं घर असावं. मग गावठाणातलं एखादं बंद पडलेलं दगडी घर नजरेत भरतं. जाड भिंती, उन्हाळ्यात आत गारवा आणि किंमत आवाक्यातली. तुमच्याही गावात अशी घरं असतील. घेणारीनं काय बघायचं आणि विकणाऱ्या घरातल्या बाईनं काय जपायचं, दोन्ही आज बोलू.

आधी कागद. विकणारा बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढं करतो. हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कुणाच्या नावावर लागते एवढंच त्यातून कळतं. मालकी त्यानं सिद्ध होत नाही. म्हणून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागायचं. पूर्वी अनेक गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती, त्यामुळं असं कार्डही नव्हतं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढं २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली. तुमच्या गावाची मोजणी झाली का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. घर गावठाणाबाहेर शेतात असेल तर गोष्ट वेगळी. तिथं सातबारा बघावा लागतो, आणि शेतजमीन घ्यायला आपल्या राज्यात साधारणपणे शेतकरी असल्याचा दाखला लागतो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, बहिणीची सही. समजा, घर आजोबांच्या काळचं आहे. तीन भाऊ म्हणतात, आम्ही तिघंच मालक. पण त्यांना दोन बहिणी आहेत, लग्न होऊन गेलेल्या. त्यांचाही हिस्सा आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेल्या वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली. त्याआधी राहत्या घरात भावांनी वाटणी काढल्याशिवाय मुलीला वाटणी मागता येत नव्हती. तो अडथळाही त्याच दुरुस्तीनं गेला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उकरता येत नाही. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, पण मुलीचा वाटा त्यांच्यातही असतो.

बहिणींना वगळून भावांनी घर विकलं तर काय होतं? घेणारीला फक्त भावांचा हिस्सा मिळतो. राहतं घर एकत्र कुटुंबाचं असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला त्या कुटुंबाबरोबर घराचा ताबाही मागता येत नाही. वाटणीचा दावा लावावा लागतो. तो किती वर्षं चालेल सांगता येत नाही, आणि आयुष्यभराची पुंजी त्यात अडकते.

म्हणून वारसांची यादी करा. आई हयात असेल तर तिचं नावही त्यात धरा. प्रत्येकीशी स्वतः बोला. बहिणीनं हक्कसोडपत्र दिलं असेल तर ते नोंदणीकृत आहे का बघा. आणि ताई, तुमचा वाटा तुम्हाला पोचला का, हेही विचारा. गावातल्या मैत्रिणींनो, तुमच्यापुढं असा कागद आला तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. तुमची सही कायद्याला लागते, तेव्हा तिचं मोल मागायला लाजू नका.

कागद पटले की भिंत बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली फार मोठी संख्या दगडमातीच्या घरांखाली सापडली. त्या भिंती दोन पदरी होत्या. बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये माती-खडी. दोन्ही पदर बांधून धरणारे आरपार दगड नव्हते. वर माळवदाच्या मातीचं ओझं होतं. पुढं दुरुस्तीच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या महिला मंडळांनी गावोगावी संवाद सहाय्यक म्हणून घरं मजबूत कशी करायची ते लोकांना समजावलं.

तेव्हा इसार देण्याआधी जाणता गवंडी घेऊन जा, शक्यतो पावसाळ्यात. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यांना उभ्या भेगा आहेत का, तुळया वाळवीनं पोखरल्यात का, ओल कुठून येते, हे बघा. माळवदाची माती कमी करणं, भिंतीत आरपार बांध घालणं, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवणं, याचा खर्च आधी काढा आणि तो धरूनच किंमत ठरवा. इटलीत सांबुका नावाच्या गावानं २०१९ साली ओस पडलेली दगडी घरं एक युरोपासून लिलावात काढली, पण तीन वर्षांत दुरुस्ती करायची अट घातली. खरा खर्च त्या दुरुस्तीचाच होता. आपल्याकडंही तसंच असतं.

शेवटी व्यवहार. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घर नावावर होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. त्याआधी वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याबरोबर जोडनाव असेल तर ती मिळत नाही. खरेदी झाली की ग्रामपंचायतीत आणि मिळकत पत्रिकेवर नाव लावायला विसरू नका.

पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. आपल्या राहत्या घराचा उतारा प्रत्येकीनं घेऊन या आणि त्यावर कुणाची नावं आहेत ते एकमेकींना वाचून दाखवा.