मत एकच, पण पाच वर्षांचे



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खत यांची माहिती देतो. यावेळी प्रतिनिधी निवडण्याविषयी थोडे लिहीत आहोत.

फडावर आलो की पहिला प्रश्न येतो, "साहेब, आमचा ऊस कधी तुटणार?" तोडीची पाळी लागणीच्या नोंदीप्रमाणे लागते. ती कुणासाठी मोडायची नाही, हे पाहणे संचालक मंडळाचे काम. पाळी चुकली, तुरा आला, वजन घटले, की फटका आपल्याच बिलाला बसतो.

कर्ज, मळीची विक्री, यंत्रांची दुरुस्ती यासाठी सगळ्या सभासदांनी रोज जमणे काही शक्य नाही. म्हणून आपण माणसे निवडून देतो. कारभार त्यांच्याकडे, मालकी मात्र आपली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे सभासदाला मत एकच. भाग एक असो की पन्नास, ऊस अर्धा एकर असो की वीस एकर. ते मत स्वतः जाऊनच द्यावे लागते.

आपल्या भंडाऱ्याचेच उदाहरण घ्या. १९५४ साली जिल्हा मध्यप्रदेशात होता. भंडारा लोकसभा मतदारसंघात तेव्हा दोन जागा होत्या, त्यातली एक राखीव. मतदाराला मतेही दोन. त्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी हरले, भाऊराव बोरकर निवडून आले. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनाही धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसापुढे मत मागायला यावे लागले. मोठेपणामुळे कुणाला सूट नाही, हाच या पद्धतीचा पाया आहे.

पण मत टाकले म्हणजे काम संपले, असे नाही. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. मधल्या काळात विचारायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती घ्यावीच लागते. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभाही बोलवावी लागते.

कुणाला मत द्या, हे सांगणे आम्हा नोकरदारांचे काम नाही. एवढेच सांगतो, अहवाल घरी वाचून या. कर्ज किती वाढले, लेखापरीक्षकाने काय शेरा मारला, तोडीची पाळी पाळली का, हे उभे राहून विचारा. नुसती हजेरीपुस्तकात सही करून चहा पिऊन परत जाऊ नका.